ड्राय बाल्कनीतलं सिंक किती मोठं घ्यायचं: एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कर्वेनगर-वारजे पट्ट्यातली वीसेक वर्षं जुनी सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. घरात चौघं. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, आठवीतली मुलगी आणि नवऱ्याचे वडील. आजोबांना २०२२ च्या दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तेव्हापासून ते अंथरुणावरच. धुणंभांडी करायला एक मावशी येतात, सकाळी साडेआठला, नऊ वर्षं त्याच येतायत.

मी घरांच्या रिनोव्हेशनची कामं करते, किचन आणि ड्राय बाल्कनी (किचनला लागून असलेली धुण्याची छोटी बाल्कनी) जास्त करून. हे काम २०२३ च्या एप्रिलमध्ये आलं. नावं काढून टाकलीत, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही, पण मापं आणि घडलेलं जसं होतं तसंच लिहितेय. कारण आपल्याकडे सिंकचं माप म्हणजे दुकानात जाऊन "ओट्यावर केवढं बसेल" एवढाच हिशोब असतो, आणि मग पुढची दहा वर्षं घरातली एखादी बाई त्याच्यापुढे वाकून उभी असते.

फोन आला त्या दिवशी काय झालं होतं ते आधी सांगते. ड्राय बाल्कनीत जुनं सिंक होतं, १८ बाय १६ इंचांचं, आणि वॉशिंग मशीनची नळी त्याच सिंकच्या काठावर अडकवलेली. आजोबांची चादर आणि खालची दुपट्टी सिंकमध्ये भिजत घातलेली, वहिनी, म्हणजे मुलीची आई, आत मीटिंगमध्ये. मशीनने धुतलेलं पाणी बाहेर टाकलं, चादरीने जाळी झाकली गेली होती त्यामुळे ते पाणी जायला जागाच नाही, सिंक भरून वाहिलं, ते सगळं घाण पाणी उंबऱ्यावरून किचनमध्ये आणि फ्रिजखाली. फिनाईलने दोनदा फरशी पुसून झाल्यावर वहिनींनी मला फोन केला, म्हणाल्या, "ताई, मला मोठं सिंक बसवून द्या, बाकी काही नको."

नेमकी अडचण

"मोठं सिंक" हे उत्तर होतं, प्रश्न कुणी नीट विचारलेला नव्हता. मीसुद्धा पहिल्या भेटीत विचारला नाही, ते पुढे येईलच.

जागा मोजली तर ड्राय बाल्कनी ४ फूट रुंद आणि ६ फूट ९ इंच लांब, म्हणजे ४८ बाय ८१ इंच. दार अरुंद बाजूने. उजवीकडच्या लांब भिंतीला सगळं बसवायचं. कोपऱ्यात सोसायटीचा उभा पाइप, त्याला झाकणारी बॉक्सिंग ६ इंच. फ्रंट लोड मशीन ६० सेंटीमीटर म्हणजे २४ इंच, दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडायचा तर २६. उरले ४९ इंच. त्यातच सिंक, चोळायला जागा आणि बादली टेकवायला जागा.

रोजचं हाताचं धुणं काय असतं ते वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, चादरी. मावशींना विचारलं तेव्हा खरी यादी मिळाली: रोज दोन सिंगल चादरी, एक मधे घालायची दुपट्टी, एक दोहर, दोन लुंग्या, आणि कधीकधी उशीचे अभ्रे. मशीनमध्ये टाकण्याआधी हे सगळं भिजवायचं, जिथे लागलंय तिथे चोळायचं, दोनदा आघळायचं, मग मशीन. सिंकमध्ये एका वेळी एकच चादर मावायची, म्हणून बाकीचं बाथरूममध्ये बादलीत, मग दोन ठिकाणी फेऱ्या, ओले कपडे हातात घेऊन हॉलमधून. मावशींना एकूण पाऊण तास जायचा आणि त्यांची कंबर धरायची. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलंच नाही, मी "किती वेळ लागतो" विचारल्यावर सांगितलं.

समोर आलेले पर्याय

दुकानातल्या खोक्यावर जे माप छापलेलं असतं ते बाहेरचं असतं, कडेची पट्टी धरून. आतलं भांडं साधारण दोन-दोन इंच कमी भरतं. म्हणजे २४×१८ च्या सिंकचं आतलं माप २२×१६, आणि १८×१६ चं १६×१४. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका टळतात, कारण बादली किंवा टब बसतो की नाही ते आतल्या मापावर ठरतं.

पहिला पर्याय दादांचा, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचा. त्यांनी ऑनलाइन ३०×१८ चं एक सिंक बघून ठेवलं होतं. "एकदाच खर्च करायचाय तर मोठंच घेऊ," असं त्यांचं म्हणणं. दुसरा, किचनमध्ये असतं तसं ३७×१८ चं, शेजारी निथळायचा पत्रा असलेलं. तिसरा माझा, २४×१८ पण बारा इंच खोल, माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये हेच होतं. चौथा, लाँड्रीसाठी मिळतं ते सिरॅमिकचं, आत तिरकी पन्हाळीदार बाजू असलेलं. पाचवा आपला जुनाच, सिंक काढून टाकून खाली मोरी करायची, दगड बसवायचा, बसून धुवायचं.

मोरीचा पर्याय मला मनापासून आवडतो, पाणी सांडलं तरी चिंता नाही, चादर पसरून चोळता येते, पिळायला मोकळं. पण मावशींनी तो एका वाक्यात निकाली काढला: "खाली बसले की मला धरून उठवावं लागतं आता." गुडघे गेलेत त्यांचे. ज्यांना वापरायचंय त्याच नाही म्हणतायत म्हटल्यावर पुढे बोलायचं काहीच नव्हतं.

सिरॅमिकचं सिंक चोळायला छान असतं. पण एक तर वजन, दुसरं म्हणजे हातातून स्टीलची बादली पडली की टवका उडतो आणि एकदा तडा गेला की आख्खं बदलावं लागतं. निथळायच्या पत्र्याचं ३७ इंची इथे चुकीचं होतं, कारण त्यात भांडं छोटंच राहतं, सगळी लांबी पत्रा खातो. तो पत्रा पातळ असतो, त्याच्यावर चादर चोळायला गेलं तर दणदण वाजतो आणि मधे खोलगट होतो.

राहिली दोन, तीस इंची आणि बारा इंच खोल.

पाण्याचा हिशोब

सोसायटीत मार्चपासून टँकर येतात, तेव्हा पाण्याचं गणित आधी केलं. आतलं माप २२×१६ असेल तर तळाशी प्रत्येक इंच पाण्याला साधारण पावणेसहा लिटर लागतात. ३०×१८ मध्ये आतलं माप २८×१६, तिथे इंचाला सव्वासात लिटरच्या पुढे. कपडे बुडायला सहा इंच पाणी धरलं तर एकात ३४-३५ लिटर, दुसऱ्यात ४४. एकदा भिजवायचं आणि दोनदा आघळायचं म्हणजे रोज तीन वेळा भरणार, फरक रोजचा २७-२८ लिटर, दीड बादली. आणि काम तेवढंच होणार, कारण चादरी तेवढ्याच आहेत.

शिवाय ३० इंची घेतलं की ४९ मधून चोळायला पुरेशी जागा राहत नाही. मी दादांना कागदावर हे काढून दाखवलं, त्यांना पटलं, थोडं नाराजीनेच. घरातल्या माणसाने स्वतः शोधून काढलेली वस्तू नको म्हणायची असेल तर आकडे समोर ठेवावेत, नुसतं "नाही हो चांगलं" म्हणून चालत नाही.

खोलीचा निर्णय, आणि माझी चूक

बारा इंच मी का लिहिले होते? कारण चादरी मोठ्या, पाणी उडायला नको, आणि खोल सिंक म्हणजे भरपूर मावतं असं डोक्यात पक्कं बसलेलं. ड्रॉइंग मंजूर झालं होतं. ग्रॅनाइटवाल्याला मापं द्यायची तेवढी बाकी होती.

त्या शनिवारी सकाळी मी एक काम करून घेतलं जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून एक चौकोनी प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स आणला, तळ जवळजवळ २२ बाय १६, आणि तो बाल्कनीत स्टुलावर ठेवला, खाली विटा लावून तळ बरोबर सव्वाएकवीस इंचावर आणला. बारा इंच खोल सिंकचा तळ तिथेच आला असता. चौतीसचा ओटा, पाऊण इंच दगड, खाली बारा. मग मावशींना म्हटलं, रोज करता तसंच करा.

त्यांनी चादर आत टाकली, पाणी ओतलं, आणि दोन्ही हात घालून खळबळायला लागल्या. मी बाजूने बघत होते. खांदे पुढे, मान खाली, पदर पाण्यात जायला लागला म्हणून त्यांनी तो दातात धरला. दोन मिनिटांत त्यांचा डावा हात आपोआप बॉक्सच्या काठावर गेला, शरीराचं वजन पेलायला, म्हणजे धुणं एकाच हाताने चाललेलं. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाल्या, "हात पोचतो ना म्याडम, पण कंबर वाकल्याशिवाय नाही पोचत."

मग मी टेप काढली. मावशींची उंची चार फूट दहा इंच. जमिनीपासून कोपर साडेछत्तीस इंचावर. सरळ उभं राहून हात खाली सोडला आणि मूठ वळली तर मूठ पंचवीस इंचावर. म्हणजे तळ पंचविसाच्या आसपास असेल तर त्यांना जेमतेम वाकावं लागणार, आणि एकवीसला तळ म्हणजे प्रत्येक वेळी चार इंच खाली जायचं, तेही हात पुढे ताणून. दिवसाला पाऊण तास. महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस.

बॉक्सखाली आणखी विटा घातल्या, तळ सव्वाचोवीसवर आला. तेवढ्या फरकाने मावशींनी पदर सोडला. दोन्ही हात पाण्यात. मला तेव्हा आणखी काही सिद्ध करायची गरज वाटली नाही.

पण मग नऊ इंच खोली पुरेल का? तेही त्याच बॉक्समध्ये बघितलं. दिवसाचं सगळं धुणं, म्हणजे दोन चादरी, दुपट्टी, दोहर, लुंग्या, एकत्र घालून कपडे बुडतील एवढंच पाणी ओतलं तर पातळी सहा इंचावर आली. वर तीन इंच मोकळे. हलवताना थोडं उडालं, बाहेर सांडलं नाही. बाराचे वरचे तीन इंच कधीच वापरात येणार नव्हते, फक्त तळ खाली नेणार होते.

दुसरं कारण प्लंबरने दाखवलं आणि ते ऐकून मी गप्पच झाले. जुन्या सिंकचं पाणी भिंतीतल्या ज्या पाइपात जायचं त्याचं तोंड जमिनीपासून पंधरा इंचावर. सिंकच्या तळाखाली आधी वेस्ट कपलिंग (जाळीखालचा जोड), मग बॉटल ट्रॅप (वास अडवणारा, पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग), दोन्ही मिळून ट्रॅपची बाहेरची नळी तळापासून आठेक इंच खाली निघते. तळ सव्वाएकवीसवर असेल तर ती नळी सव्वातेरावर, आणि भिंतीतलं तोंड पंधरावर. प्लंबर दादा म्हणाले, "ताई, पाणी वर चढवायचंय का?" भिंत फोडून पाइप खाली घ्यायचा म्हणजे आतलं वॉटरप्रूफिंग तोडायचं आणि खालच्या मजल्याला ओल जायचा धोका, वीस वर्षांच्या इमारतीत तर नकोच. नऊ इंच खोलीला तीच नळी सव्वासोळावर आली, भिंतीत उताराने व्यवस्थित गेली. सिंक घेण्याआधी भिंतीतल्या तोंडाची उंची मोजा, हे मी आता प्रत्येक घरी पहिल्यांदा करते.

ओट्याच्या उंचीवरून झालेली ओढाताण

इथे घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. दादांना ओटा एका रेषेत हवा होता, सिंकपासून मशीनच्या वरून सलग. दिसायला चांगलंच दिसतं, मला मान्य. पण मशीन ८५ सेंटीमीटर उंच, म्हणजे साडेतेहतीस इंच, खाली रबरी पाय, वर थोडी फट, मग दगड, असं करत ओटा साडेपस्तीसच्या खाली येऊच शकत नाही. मावशींचं कोपर साडेछत्तीसला. कोपरापासून जेमतेम इंचभर खाली काठ असेल तर चोळताना खांदे उचलावे लागतात, जोर लागतच नाही. त्यांना ओटा चौतीसला हवा.

उलट वहिनी साडेपाच फुटाच्या जवळ, त्यांना साडेपस्तीस जास्त सोयीचं. त्या रविवारी आणि मावशींच्या सुट्टीला धुतात. मग कुणाचं माप धरायचं? मी सरळ विचारलं, आठवड्यातले किती दिवस कोण धुतं. पाच ते सहा दिवस मावशी. वहिनींनी स्वतःच सांगितलं की मावशींचं धरा. त्यांचं हे म्हणणं मला फार मोठं वाटलं, कारण मी शंभरेक घरं तरी पाहिली असतील, काम करणाऱ्या बाईची उंची मोजून ओटा केलेलं घर मला तोवर एकही आठवत नव्हतं.

शेवटी सलग ओट्याचा नाद सोडला. सिंकचा ओटा चौतीसला, मशीन शेजारी मोकळं, त्याच्यावर दगड नाही. दगडाचे पैसेही वाचले आणि मशीन दुरुस्तीला ओढून काढायला सोपं झालं.

केलेलं काम

सिंक स्टीलचं घेतलं, ३०४ ग्रेड, एक मिलीमीटर जाड, २४×१८×९. दुकानदार चुंबक लावून "बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं दाखवतात, पण २०२ ग्रेडलाही चुंबक नीट चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा धरू नका. बिलावर ग्रेड लिहून घ्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल बरंच कमी, ते ओल्या जागी लवकर गंजाचे डाग धरतं.

इथे अजून एक गोष्ट होती. आजोबांच्या चादरींना डॉक्टरांच्या सल्ल्याने कधीकधी ब्लीचच्या पाण्यात ठेवायचं असायचं. क्लोरीनचं ब्लीच स्टीलमध्ये तासन्तास साठवून ठेवलं तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. म्हणून एक चौकोनी प्लास्टिकचा टब, वरून २० बाय १४ चा, सिंकच्या आत बसेल असा आधीच शोधून ठेवला आणि सिंक घेताना दुकानात तो आत बसवून बघितला. ब्लीचचं धुणं त्या टबात, आणि टब सिंकमध्ये, म्हणजे ओतायला उचलावा लागत नाही, नुसता तिरका करायचा.

सिंक ओट्याच्या खालून लावलं, अंडरमाउंट. कारण शेजारी जो २३ इंचांचा दगड उरला तो चोळायला वापरायचा होता, आणि सिंकची पट्टी दगडावर आली तर चोळलेलं पाणी त्या पट्टीला अडून तिथेच साचतं. दगड काळा ग्रॅनाइट, पण चोळायच्या भागाला पॉलिश नाही, लेदर फिनिश, म्हणजे थोडं खरखरीत, ठेवलं, आणि गवंड्याकडून त्यात सिंकच्या दिशेने उताराच्या सहा पन्हाळ्या कापून घेतल्या. धुण्याचा दगडच, फक्त उभ्याने. सहा इंच पाणी आणि कपडे भरलेलं सिंक म्हणजे चाळीसेक किलो वजन खाली लटकणार, नुसत्या सिलिकॉनवर सोडायचं नाही, म्हणून भांड्याखाली भिंतीतून दोन स्टीलचे अँगल आडवे दिले. मशीनच्या बाजूला चार इंचांचा दगडी कठडा केला, पाणी पॅनेलवर उडू नये म्हणून.

ओटा २२ इंच खोल ठेवला, नेहमीसारखा २४ नाही, म्हणजे पुढे उभं राहायला २६ इंच मिळाले. त्यामुळे मागे नळाला जागा राहिली नाही, नळ भिंतीतून लांब तोटीचा घेतला, तोटी ओट्याच्या वर दहा इंचांवर. वीस लिटरची बादली सिंकमध्ये ठेवली की काठाच्या चारेक इंच वर येते, तेव्हा तोटी तेवढी उंच लागतेच.

मशीनची नळी सिंकपासून कायमची तोडली. तिच्यासाठी वेगळा दोन इंची उभा पाइप, तोंड जमिनीपासून २७ इंचावर, तो खाली फ्लोअर ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्यात. बहुतेक फ्रंट लोडना नळीचं टोक किमान ६० सेंटीमीटर वर लागतं, नाहीतर पाणी आपोआप ओढलं जाऊन मशीन भरता भरताच रिकामं होतं. नळी पाइपात सैल ठेवायची, टेप लावून बंद करायची नाही, हवा राहू द्यायची. खरं सांगायचं तर ज्या दिवशी किचनमध्ये पाणी आलं त्या दिवसाचं उत्तर हा पाइप होता, सिंकचा आकार नव्हताच. नुसतं मोठं सिंक बसवलं असतं तर तेही चादरीने तुंबलं असतं.

फरशीला वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खालच्या घरी जाऊन छत बघून आलो, मग टाइल. जूनच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं. खर्च साधारण ५८ हजार, त्यात सिंक फक्त ६,४०० रुपयांचं, बाकी सगळं प्लंबिंग, दगड, वॉटरप्रूफिंग आणि मजुरी.

परिणाम

पावसाळा लगेच सुरू झाला, म्हणजे परीक्षा लगेचच. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा मावशींचं आजोबांचं धुणं पंचवीस मिनिटांत होत होतं, सगळं एका जागी, बाथरूमच्या फेऱ्या बंद. कंबर पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, त्या चार घरची कामं करतात आणि बाकी तीन घरी तेच जुनं आहे. पण "इथलं धुणं जाणवत नाही" असं त्या म्हणाल्या.

चुकलेल्या गोष्टी. नळ तीन महिन्यांत हलायला लागला. बघितलं तर मावशी दोहर नळाला अडकवून पीळ देत होत्या, आपल्याकडे सगळ्याच देतात, लांब ओला कपडा एकटीने पिळायचा तर दुसरं टोक कुठेतरी धरायला हवंच. आम्ही चाचणीत भिजवणं बघितलं, चोळणं बघितलं, पिळणं बघितलंच नाही. मशीनमध्ये नुसतं स्पिन करता येतं हे खरं, पण पाणी निथळत असलेली दोहर मशीनपर्यंत न्यायची तरी आधी पिळावीच लागते. नंतर भिंतीत जाड स्टीलचा हूक ठोकून दिला, टाइलला ड्रिल मारून, जे टाइल लावण्याआधी करता आलं असतं.

जाळी वारंवार तुंबायची. रोजच्या चोळण्याने दोहरीचा लोकरीसारखा कापूस सुटतो. जाळीवर बारीक छिद्रांची स्टीलची वाटी ठेवायला दिली, ती रोज झटकायची. आणि मशीनच्या नळीच्या टोकाला जुना नायलॉनचा मोजा बांधला, आठवड्याला बदलायचा.

वहिनींना ओटा खाली पडतो. रविवारी धुतल्यावर त्यांची पाठ भरते. त्यावर माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. उंच माणसासाठी तळाशी ठेवायची चार इंचांची प्लास्टिकची जाळीदार चौकट शोधली, तिने आघळणं जरा सुसह्य होतं, काठाची उंची मात्र तीच राहते.

आजोबा मार्च २०२४ मध्ये गेले. त्यानंतर एकदा मी दुसऱ्या कामाला त्या सोसायटीत गेले होते, वर चक्कर टाकली. वहिनी म्हणाल्या, आता एवढं मोठं सिंक लागतच नाही, कधी रिकामं बघवत नाही. मलाही काय बोलावं सुचलं नाही. मुलीचे बॅडमिंटनचे बूट त्या पन्हाळीच्या दगडावर घासायला ठेवलेले होते.

परत केलं तर

आजारी माणसासाठी काम काढतो तेव्हा ते कायमचं आहे की काही वर्षांचं हे घरच्यांशी बोलायला जड जातं, मीही टाळलं. बोलले असते तरी २४×१८ च ठरलं असतं बहुधा, कारण गोधडी, पडदे, बूट, पावसाळ्यातले रेनकोट याला तेवढं लागतंच. पण दादांचं ३० इंची घेतलं असतं तर आज ती जागा खरंच वाया गेली असती.

ओट्याचा पुढचा कोपरा गोल करून घेतला असता. २६ इंचांच्या वाटेत वळताना मावशींच्या कमरेला तो लागतो, दगडवाला गोल करायचे जादा मागत होता म्हणून आम्ही सोडून दिलं. आता त्यावर रबरी पट्टी चिकटवलीय, दर दोन महिन्यांनी सुटते.

आणि चाचणी पहिल्या भेटीतच केली असती. ड्रॉइंग मंजूर झाल्यावर नाही. बॉक्स, विटा, टेप, घरातली सगळ्यात जड ओली चादर आणि ती रोज धुणारी व्यक्ती, अर्धा तास लागतो. मावशी साडेआठला येतात म्हटल्यावर मी भेटीची वेळ अकराची का ठरवली होती, ते मला आज सांगता येत नाही. आता मी फोनवर पहिल्यांदा हेच विचारते: धुणं कोण करतं, आणि त्या किती वाजता येतात.